चार आलं तर चहा प्यायचा

वैजनाथ सरांच्या मोबाईलवर तो मेसेज आला तेव्हा ते लातूरच्या घरी पोह्यांवर लिंबू पिळत बसले होते. मेसेज सदफचा होता. ‘सर, माझ्यामुळे तुम्हाला खाली बघायची पाळी आली. तुम्ही मला शिकवलं, कामाला लावलं आणि मी तुमच्या नावाला बट्टा लावला. जमलं तर माफ करा.’ सरांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि मोबाईल पालथा घातला. लिंबाची बी पोह्यांत पडली होती, ती त्यांनी घासाबरोबर चावली. कडू लागली तरी थुंकली नाही.

माफी मागायला पाहिजे होती सरांनी, आणि मागत होती ती पोरगी. हे सरांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणालाच ते ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत होती.

“कुणाचा मेसेज?” त्यांच्या बायकोनं, मनिषाताईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं.

“सेंटरवरनं हाय. काही न्हाई.”

“काही न्हाई तर तोंड का उतरलं?” म्हणत ताई बाहेर आल्या आणि मोबाईल उचलून त्यांनी मेसेज वाचलासुद्धा. “अगं बाई! एवढी गुणी पोरगी. चुकतं माणूस कधी कधी. तुम्ही लई बोललात की काय तिला?”

“मी काहीच बोललो न्हाई,” सर म्हणाले. इतकं खरं वाक्य ते बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते.

लातुरात वैजनाथ सरांना मेनफ्रेमवाले सर म्हणतात. मेनफ्रेम म्हणजे बँकांचे, विमा कंपन्यांचे व्यवहार ज्यांच्यावर चालतात ते अवाढव्य संगणक. आपल्याकडं ते कुणी डोळ्यांनी पाहिलेले नसतात, पण त्यांच्यावर काम करणारी पोरं औसा रोडच्या एका सेंटरात बसलेली असतात; मशीन साता समुद्रापार आणि पोरं लातुरात. सर मूळचे किल्लारीकडचे. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये अभ्यास करून वर आले, हैदराबादेत वर्षानुवर्षं या मशीनवर घासले आणि मग गावाकडच्या पोरांना हे शिकवायचं म्हणून परतले. त्यांचा पहिला विद्यार्थी अश्वजित आता सेंटरचा मॅनेजर होता. बाकीची पोरंही त्यांच्याच हाताखालून गेलेली. सरांना सगळे मानायचे, आणि सरांनाही मानून घ्यायला आवडायचं, हे सांगून टाकलेलं बरं.

या मशीनची एक रीत आहे. तिला काम दिलं की काम संपल्यावर ती एक आकडा देते. शून्य आला तर बिनघोर. चार आला तर काम झालं, पण एकदा बघून घ्या. आठ म्हणजे बिघडलं आणि बारा म्हणजे पार बोजवारा. धंद्यातले लोक चारला भीक घालत नाहीत. रोज इतके चार येतात की प्रत्येक बघत बसलं तर काम कधी करायचं? म्हणून कामाच्या हुकमातच लिहून ठेवतात, चारपर्यंत आलं तर पुढं चाल. सरांनी याचं एक गाणंच करून टाकलं होतं. बारा आलं तर पळायचं, आठ आलं तर उठायचं, चार आलं तर चहा प्यायचा. नवीन पोरांना पहिल्याच आठवड्यात हे पाठ व्हायचं.

सेंटर जिचं काम करायचं त्या परदेशी विमा कंपनीनं मागच्या वर्षी ठरवलं, की सी या प्रोग्रामिंगच्या भाषेची विकतची लायब्ररी सोडून द्यायची आणि फुकट मिळणाऱ्या सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, आपली आपण कंपाईल करून, मशीनला कळेल अशी बनवून घ्यायची. स्टँडर्ड लायब्ररी म्हणजे रोजच्या गरजेची फंक्शनं. छापायचं, शोधायचं, तारीख काढायची, सगळं त्यात. प्रत्येक प्रोग्राम उठता बसता त्यांनाच हाक मारतो. साध्या पीसीवर हे काम करणारे पुष्कळ सापडतील. मेनफ्रेमवर अक्षरांचे कोडसुद्धा निराळे, फाईली ठेवायची तऱ्हा निराळी. सरांनी ते अंगावर घेतलं. लग्नात रुसून बसलेल्या पाहुण्यासारखी एकेका फाईलची मनधरणी केली. काही फंक्शनं जुन्या सोर्समध्ये नव्हतीच, ती नव्या सोर्समधून उचलून आणली. शेवटी सगळं एकत्र जोडायचा हुकूम दिला आणि सेंटरातली झाडून सगळी पोरं त्यांच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली.

चार आलं. टाळ्या पडल्या.

टाळ्यांमध्येच सदफ म्हणाली, “सर, पण चार का आलं?”

सदफ नांदेडची. सेंटरातली नवी. आवाज बारीक, पण शब्द स्पष्ट. सरांनी खुर्ची वळवली, चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्यांकडं बघत म्हणाले, “सदफबाईंना कुणीतरी चहा पाजा रे.” पोरं खो खो हसली. सदफही हसली, जरा उशिरा. वर सर म्हणाले, “एक ध्यानात ठेव. प्रोग्राम चुकला वाटलं तर आधी आपल्या प्रोग्रामकडं बघावं. लायब्ररीकडं बोट दाखवायचं न्हाई.” लायब्ररीला तेव्हा कुणी बोट दाखवलंही नव्हतं.

पुढं त्या लायब्ररीवर सदफनं हप्त्यांच्या तारखा काढणारा प्रोग्राम लिहिला, आणि तिकडं गोंधळ उडाला. ज्यांनी हप्ता वेळेत भरला होता अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना पत्रं गेली, की तुमची पॉलिसी बंद झाली. एका आजोबांना दवाखान्याच्या दारातून परत पाठवलं म्हणे. विमा कंपनीनं सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं: चूक कुणाची ते सांगा.

कॉलच्या दिवशी सर लवकर सेंटरात आले आणि काय बिघडलंय ते बघावं म्हणून एक छोटा प्रोग्राम चालवला. बघता बघता त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या मशीनवर जोडणी करताना नावाची पहिली आठच अक्षरं धरली जातात, उरलेलं शेपूट छाटलं जातं. तारीख काढणारी दोन फंक्शनं होती, एक जुन्या सोर्समधलं, एक सरांनी नव्यातून आणलेलं. दोघांची पहिली आठ अक्षरं सारखीच. मशीननं पहिलं ठेवलं, दुसरं सोडून दिलं आणि ‘एकदा बघून घ्या’ म्हणून चार दिलं. जुनं फंक्शन तारीख काढून आपल्यापाशीच ठेवायचं. नवं फंक्शन आपण दिलेल्या डब्यात भरून द्यायचं. सदफनं डबा पुढं केला होता, पण तिच्या हाकेला ओ दिली जुन्यानं. तिचा डबा भरलाच नाही. त्यात जे शिळं पडलेलं होतं तेच तारीख म्हणून छापून गेलं. पोरीच्या प्रोग्राममध्ये एक ओळही चुकलेली नव्हती.

सरांनी ठरवलं, कॉलवर सांगायचं. माईक चालू केला. पडद्यावर परदेशातली माणसं गंभीर तोंडं करून बसली होती, अश्वजित घाम पुसत होता, आणि मागच्या रांगेत सरांची सगळी पोरं. ज्यांना चहाचं गाणं शिकवलं तीच. सरांचा हात परत माईकच्या बटणावर गेला. त्यांनी माईक बंद केला. जरा वेळानं पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. विमा कंपनीची बाई परत परत विचारत होती, चूक कुणाची? तेवढ्यात सदफचा बारीक आवाज आला. तिनं इंग्रजीत सांगितलं, प्रोग्राम माझा आहे, चूक माझी आहे.

कॉल संपल्यावर सांगू, असं सरांना वाटलं. मग जेवणानंतर सांगू, असं वाटलं. दुपारी अश्वजितनं सदफला कामावरून कमी केल्याचं सांगितलं, कारण कंपनीला कुणाचा तरी बळी हवा होता. ती आपली बाटली आणि डबा पिशवीत भरत होती तेव्हा सर छपाईच्या मशीनपाशी उभे राहून कोरे कागद नीट रचत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी जोडणीतली चूक गुपचूप दुरुस्त केली आणि सगळ्यांना कळवलं, सदफच्या प्रोग्रामची अडचण सोडवली आहे. त्यावर अश्वजितनं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

म्हणून तो मेसेज वाचल्यावर सरांना घास गिळवेना. त्यांनी लॅपटॉप बॅगेत टाकला, नांदेडला जाऊन येतो म्हणाले आणि स्टँड गाठला.

बसमध्ये त्यांनी वाक्य जुळवायला घेतलं. निघताना वाक्य होतं: चूक माझी होती, मला माहीत होतं, मी गप्प बसलो. अहमदपूरला बस थांबली तोवर त्याचं ‘चूक थोडी माझीपण होती’ झालं. लोह्याला शेंगदाणेवाला चढून उतरला तेव्हा ‘या कामात चूक कुणाचीही होऊ शकते’ इथवर ते घसरलं होतं. नांदेड दिसायला लागल्यावर सर मनातल्या मनात सदफला धीर देत होते, की असं होतं, खचायचं नाही. आपण कुठून निघालो आणि कुठं आलो हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची किळस आली. शेजारच्या माणसानं विचारलं, “मळमळतंय का? खिडकीशी या.”

सदफचे वडील गफूरभाई यांचं देगलूर नाक्याच्या आत चपलांचं दुकान आहे आणि वर घर. सदफला लातूरला पाठवायला ते तयार नव्हते. तेव्हा सर स्वतः इथं आले होते, याच जिन्यानं वर चढले होते आणि म्हणाले होते, ‘भाई, पोरगी माझी जबाबदारी.’ त्या शब्दावर गफूरभाईंनी पोरगी पाठवली. निरोपाला गफूरभाई सरांची बॅग उचलून अनवाणी रिक्षापर्यंत आले होते, आणि सरांच्या पायांत आपल्या दुकानातली नवी चप्पल स्वतः वाकून चढवली होती. त्यानंतर जेव्हा जेव्हा सर आले तेव्हा बॅग गफूरभाईंच्याच हातात असायची. तीच चप्पल आजही सरांच्या पायांत होती.

“अरे सर! फोन तरी करायचा. मी गाडी घेऊन स्टँडवर आलो असतो ना,” गफूरभाई दुकानातून धावत बाहेर आले. गिऱ्हाईक बसलं होतं त्याला त्यांनी हात जोडून उठवलं आणि शटर ओढलं. “मला म्हाईत होतं तुम्ही येणार. पोरीनं नाक कापलं आमचं, पण तुमचं मन मोठं हाय.”

“भाई, ते तसं न्हाई,” सर म्हणाले. पण बॅग घेऊन गफूरभाई जिना चढूनसुद्धा गेले होते.

वर गफूरभाईंची आई सुलतानबी लाकडी तख्तावर पालक निवडत बसली होती. सदफ दारात आली, ओढणी सावरून “सलाम, सर” म्हणाली. ती बारीक झाली होती. गफूरभाईंनी तिच्याकडं पाहिलंच नाही. ते आईला म्हणाले, “अम्मा, उसकू बोलो, सर के वास्ते पानी ला.”

पोरगी हाताच्या अंतरावर उभी आणि बाप आईमार्फत पाणी मागतोय. सरांना काही उमजेना. सुलतानबीनं मान हलवली. “क्या करना सर. महिना होत आला, बाप-बेटी बात नै करते.”

“एवढं काय झालं, भाई? नोकरी काय, दुसरी मिळते.”

“नोकरीचं नव्हं हो सर,” गफूरभाई खुर्चीच्या टोकावर बसत म्हणाले. “चूक झाली, माणूस हाय. पण घरी येऊन काय म्हणते म्हाईत हाय? म्हणते, पप्पा, चूक माझी नव्हती, सरांची होती. मी म्हणलो, ज्यानं हात धरून शिकवलं त्याच्यावर ढकलून राहिलीस? शरम न्हाई? त्या दिवसापासून मी बोललो न्हाई तिला. काल अम्मानं समजावलं, मग मी म्हणलो, आधी सरांची माफी माग, मग बघू. तेव्हा कुठं तिनं मेसेज केला.”

सरांच्या हातात पाण्याचा ग्लास होता. तो खाली ठेवायला जागा शोधावी तसे ते इकडंतिकडं पाहत राहिले. तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. बसमध्ये जुळवलेल्या सगळ्या वाक्यांमध्ये एकच गोष्ट पक्की धरलेली होती, की पोरीला काही कळलेलं नाही. तो आधारच निघून गेला होता.

“सदफ,” ते म्हणाले. “तुला कधी कळलं?”

“कॉलच्या आदल्या दिवशी, सर. माझा प्रोग्राम सगळा तपासला. काही सापडलं न्हाई, म्हणून मग जोडणीच्या वेळी मशीननं दिलेले मेसेज उघडून वाचले.”

“मग मला का न्हाई सांगितलं?”

“लायब्ररीकडं बोट दाखवायचं न्हाई म्हणला होता तुम्ही.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. “सकाळी तुम्ही लवकर आलात. मी मागनं पाहिलं, तुम्हीपण तेच उघडून बसला होता. म्हणलं, झालं, आता सर स्वतःच बोलतील. कॉलवर तुमच्या नावापुढं माईकचं चिन्ह दिसत होतं. चालू झालं, बंद झालं. परत चालू झालं, परत बंद झालं. ती बाई सारखी विचारून राहिली होती. कुणीतरी बोलायला पाहिजे होतं, सर. मला वाटलं, कॉल संपला की तुम्ही सगळ्यांना सांगाल.”

गफूरभाई हसले, कारण त्यांना ते अजून पटलं नव्हतं. “सर, हिला आता तुमच्या तोंडावर...”

“भाई, खरं बोलून राहिली ती.” सरांनी मान वर केली नाही. पायाच्या अंगठ्याकडं बघत ते बोलले. “चूक माझी होती. मला म्हाईत होतं. मी गप्प बसलो.”

अखेर तेच वाक्य आलं, निघतानाचं. सुलतानबीच्या हातातली पालकाची काडी तशीच राहिली. गफूरभाईंनी सरांकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं. ते रागावले असते तर सरांनी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं.

सरांनी बॅग ओढून लॅपटॉप काढला आणि तिथंच तख्तावर ठेवून अश्वजितला व्हिडिओ कॉल लावला. सगळ्या पोरांना घे म्हणाले. पडद्यावर सेंटरातली ओळखीची तोंडं एकेक करून आली. सरांनी इकडंतिकडचं काही न बोलता सांगितलं: सदफचा प्रोग्राम बरोबर होता, लायब्ररी मी चुकीची जोडली होती, आणि कॉलच्या आधी मला ते कळलेलं होतं.

पलीकडून अश्वजित हळवा होऊन म्हणाला, “सर, तुम्ही खरंच लई मोठे आहात. विद्यार्थिनीसाठी एवढं अंगावर घेणारा माणूस मी पाहिला न्हाई. पण कंपनीकडं विषय मिटलाय. तुम्ही नका त्रास करून घेऊ.”

“अश्वजित, अरे मी खरं सांगून राहिलो.”

“हाव सर, कळलं मला,” अश्वजित समजूत घालायच्या सुरात म्हणाला. मागं एकानं चक्क डोळे पुसले. सरांना हे सहन होईना. खोटं बोलून जेवढा मान मिळाला नव्हता तेवढा खरं बोलून मिळत होता.

“थांब,” ते म्हणाले आणि आपला पडदा सगळ्यांना दिसेल असा केला. “मी पहिल्या दिवशी जोडली होती तशीच लायब्ररी परत जोडतो. काही बदलत न्हाई. बघा तुम्ही.” त्यांनी जुना सोर्स काढला आणि सगळा कंपाईल करायला लावला. फाईलींमागून फाईली सरकायला लागल्या. गफूरभाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ते वाकून बघत होते. सदफ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. शेवटी जोडणीचा हुकूम गेला आणि आकडा आला.

“चारच की, सर,” अश्वजित म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. “चार आलं तर चहा प्यायचा ना? तुम्हीच शिकवलं.”

मागची पोरं हसली. अगदी तशीच, त्या दिवसासारखी. सरांना आपलाच आवाज त्या सगळ्यांच्या तोंडून ऐकू आला. एवढ्या वर्षांत किती पोरं आपल्या हाताखालून गेली आणि कुठं कुठं बसून आज चहा पीत असतील, हा विचार येऊन त्यांच्या कानशिलांपर्यंत शरम चढली. चूक एकाच लायब्ररीत नव्हती.

“चहा नंतर,” ते म्हणाले. “सदफ, इकडं ये. त्या दिवशी काय विचारलं होतंस ते परत विचार.”

सदफ जागची हलली नाही. तिला ते नको होतं, हे उघड दिसत होतं. मग ती पुढं आली, तख्ताच्या कडेला बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “सर, चार का आलं?”

सरांनी मशीनचे जोडणीचे मेसेज उघडले आणि मोठ्यानं वाचून दाखवले. हे नाव आधीच घेतलेलं आहे, दुसरं सोडून दिलं आहे. मशीननं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, स्पष्ट शब्दांत. मग छोटा प्रोग्राम चालवून दाखवला: डबा पुढं केला, डबा न भरताच परत आला. पडद्यावरचं हसू मावळत गेलं. अश्वजित पुढं सरकून बघायला लागला. त्याला आता समजलं होतं. धंदा येणारा माणूस होता तो, शेवटी सरांनीच तयार केलेला.

“म्हणजे... तुम्हाला कॉलच्या वेळी...” त्याला पुढं विचारवेना.

“म्हाईत होतं. तिकडच्या बाईला मी आत्ता मेल लिहून राहिलो, तुला प्रत येईल. मला ठेवायचं की न्हाई ते तुम्ही ठरवा. हिला परत घ्या.”

सरांनी मेल लिहिली. चांगलं इंग्रजी येत असूनही चार ओळींना फार वेळ लागला. पाठवायच्या आधी त्यांनी लॅपटॉप सदफकडं वळवला. तिनं वाचलं, मान हलवली. मेल गेली.

“सदफ,” पलीकडून अश्वजित म्हणाला. तो तिच्याकडं सरळ बघत नव्हता. “मी... आम्ही सगळ्यांनीच... सोमवारी येशील का?”

“विचार करून सांगते,” सदफ म्हणाली. “आले तर आधी ती चारची अट काढायची. शून्य आल्याशिवाय पुढं जायचं न्हाई. त्या लायब्ररीत अजून अशी नावं आहेत, सर. एक चुकांचे मेसेज देणारं फंक्शन हाय, त्याचीपण जोडी तशीच. तुम्ही तारखेचंच तेवढं दुरुस्त केलं.”

सरांनी ते पाहिलंच नव्हतं. त्यांना घाई होती, झाकायची. “हाव,” ते एवढंच म्हणाले आणि कॉल बंद केला.

आता काहीतरी होईल, असं सरांना वाटत होतं. गफूरभाई ओरडतील, किंवा त्यांच्या स्वभावाप्रमाणं ‘जाऊ द्या सर, माणूस हाय’ म्हणतील. सर दोन्हीला तयार होते. दुसऱ्याची जरा आशाही होती, खोटं कशाला बोला. गफूरभाई मात्र त्यांच्याकडं बघतच नव्हते. ते पोरीकडं बघत होते. मग आईमार्फत न बोलता, महिन्यानंतर पहिल्यांदा, ते सरळ तिला म्हणाले, “खाना खाई क्या तू?”

सदफनं ओढणीचा पदर तोंडाशी नेला आणि नुसती मान हलवली, नाही म्हणून.

गफूरभाई उठले, स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचा आवाज झाला, कुठलं झाकण कुठं असतं ते ठाऊक नसलेल्या माणसाचा होतो तसा. ताट वाढून त्यांनी आणलं, पोरीपुढं ठेवलं आणि तिथंच तिच्या शेजारी खाली बसले. सुलतानबीनं सरांना विचारलं, “तुम्ही बी खाओ ना, सर,” पण दुसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

“निघतो मी,” सर म्हणाले.

“हाव सर,” गफूरभाई म्हणाले. आवाज अदबीचाच होता. पण ते उठले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडून पोरीच्या ताटात ठेवत राहिले.

सरांनी आपली बॅग आपण उचलली. दारात चपला होत्या. भाईंनी वाकून पायांत चढवलेल्या त्या चपलेत पाय घालताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. जिना उतरून ते खाली आले, बंद शटरपाशी जरा थांबले. सवयीनं थांबले, कुणीतरी मागून येत असल्यासारखे. वरून फक्त गफूरभाईंचा आवाज ऐकू येत होता, पोरीला आणखी घे म्हणणारा. सर रिक्षा शोधायला नाक्याकडं चालू लागले.